खोक्यावरचा वेग आणि लॅपटॉपला मिळणारा वेग

लॅपटॉप हळू झाला की पहिला सल्ला मिळतो तो "एसएसडी बसव" हा. म्हणजे हार्ड डिस्कच्या फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारा ड्राइव्ह. सल्ला बरोबरच आहे. पण खरेदीला बसलं की समोर येतात साटा, एम.२, एनव्हीएमई, जेन ३, जेन ४. आणि त्यांच्यापुढे सेकंदाला ५५० एमबी, ३५०० एमबी, ७००० एमबी असे चढते आकडे. आकड्याबरोबर किंमतही चढते. मग साहजिकच वाटतं की ७००० वाला ड्राइव्ह बसवला तर लॅपटॉप ५५० वाल्यापेक्षा बारा-तेरा पट चपळ होईल. तसं होत नाही. ते का होत नाही हे एकदा नीट समजलं, की पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे हे कोणाला न विचारता ठरवता येतं.

आधी तीन गोष्टी सुट्या करून घेऊ, कारण बोलताना त्यांची सरमिसळ होते. माहिती कशावर साठवली आहे, फिरत्या तबकडीवर की फ्लॅश चिपवर, ही झाली पहिली. ती माहिती तिथून मदरबोर्डपर्यंत कोणत्या वाटेने आणि कोणत्या नियमांनी जाते, ही दुसरी. तिलाच इंटरफेस म्हणतात. आणि तिसरी म्हणजे ड्राइव्हचा आकार आणि त्याचा कनेक्टर. "माझ्याकडे एम.२ आहे" असं कोणी म्हणालं तर त्याने फक्त आकार सांगितला; वेगाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. साटा आणि एनव्हीएमई ही इंटरफेसची नावं, आणि एम.२ पट्टी साटाही असते, एनव्हीएमईही. निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

तबकडीचा हिशेब

लॅपटॉपची हार्ड डिस्क अडीच इंची असते आणि बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला ११.१ मिलिसेकंद. आपल्याला हवा असलेला तुकडा हेडखाली, म्हणजे तबकडीवरचं वाचणाऱ्या टोकाखाली, कधी लगेच येतो, कधी जवळजवळ पूर्ण फेरा थांबावं लागतं. सरासरी धरली तर अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी हेडला योग्य वर्तुळावर जाऊन स्थिर व्हावं लागतं. त्याला लॅपटॉपच्या डिस्कमध्ये साधारण १२ मिलिसेकंद जातात. एकूण सतरा-साडेसतरा मिलिसेकंद. एका सेकंदात अशा किती उड्या बसतील? पंचावन्न ते साठ. बस, तेवढ्याच.

आता प्रत्येक उडीत जर ४ केबीचाच तुकडा उचलायचा असेल, तर सेकंदाला हाती येतात जेमतेम २४० केबी. हीच डिस्क एखादी मोठी फाइल सलग वाचायला लागली की सेकंदाला १०० ते १३० एमबी देते. डिस्क तीच, केबल तीच, आणि फरक पाचशे पटींचा.

हे एका उदाहरणात बघा. २०० एमबीचा एक व्हिडिओ हार्ड डिस्कवरून वाचायला दोनेक सेकंद पुरतात. पण तेच २०० एमबी २० केबीच्या दहा हजार फाइलींमध्ये विखुरलेले असतील आणि प्रत्येकीसाठी हेडला वेगळी उडी मारावी लागली, तर दहा हजार गुणिले साडेसतरा मिलिसेकंद म्हणजे १७५ सेकंद होतात, जवळपास तीन मिनिटं. ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होते किंवा ब्राउझर उघडतो, तेव्हाचं काम या दुसऱ्या प्रकारचं असतं. शेकडो छोट्या फाइली, सेटिंग्जच्या नोंदी, लायब्ररींचे तुकडे, सगळं इथून तिथून वेचावं लागतं. जुना लॅपटॉप चालू केल्यावर स्क्रीन दिसते पण काही क्लिक करता येत नाही, त्या वेळात आत हेच वेचणं चाललेलं असतं.

७२०० फेऱ्यांच्या डिस्कने फरक पडतो का? अर्धा फेरा ५.६ ऐवजी ४.२ मिलिसेकंदांवर येतो. सतरामधले दीड वाचले. पडतो, पण त्याने लॅपटॉपचा स्वभाव बदलत नाही. आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही: तबकडीच्या बाहेरच्या वर्तुळावर जास्त माहिती मावते, म्हणून एकाच फेऱ्यात तिथून जास्त वाचून होतं. आतल्या वर्तुळांवर सलग वाचण्याचा वेग जवळपास निम्म्यावर येतो. डिस्क भरत गेली की ती मंदावल्यासारखी वाटते, त्यामागचं हे एक खरंखुरं कारण आहे.

एसएसडीत फिरणारं काही नाही. पत्ता दिला की फ्लॅश चिप साधारण एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर देते. ही तफावत माणसाच्या मोजमापात आणायची तर असं म्हणता येईल: एसएसडीने एका मिनिटात उत्तर दिलं, तर त्याच प्रश्नाला हार्ड डिस्क तीन तास घेते. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्यावर लोक "लॅपटॉप नवा झाला" म्हणतात ते यामुळे. ही झेप वाट पाहण्याचा वेळ घटल्यामुळे मिळते. तिच्यात इंटरफेसच्या मोठ्या आकड्यांचा वाटा अगदी थोडा असतो.

वाट किती रुंद

इंटरफेसचा आकडा ही कमाल मर्यादा असते. त्या वाटेवरून सेकंदाला जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकते एवढंच तो सांगतो. टोकाला बसलेला ड्राइव्ह तेवढी माहिती देऊ शकतो की नाही, हा प्रश्न वेगळा.

जुन्या लॅपटॉपमध्ये आयडीई, म्हणजे समांतर एटीए असायचं. ४४ पिनांचा कनेक्टर आणि कमाल मर्यादा सेकंदाला १३३ एमबी. त्यात सोळा तारांवरून सोळा बिट एकाच वेळी पाठवले जात आणि ते सगळे पलीकडे एकाच क्षणी पोचणं आवश्यक असे. वेग वाढवावा तसं हे जुळवणं अवघड होत गेलं. म्हणून २००३ मध्ये साटा आलं. त्यात थोड्याच तारा असतात आणि बिट एकामागोमाग एक, पण फार वेगाने जातात. पहिल्या साटाचा वेग सेकंदाला दीड गिगाबिट होता, मग ३ झाला आणि २००९ मध्ये ६.

इथे बिट आणि बाइटचा घोळ सोडवू. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे ६ गिगाबिटचे ७५० एमबी व्हायला हवेत. पण साटा प्रत्येक आठ बिटांसाठी तारेवर दहा बिट पाठवतं. जास्तीचे दोन बिट दोन्ही टोकांचा ताल जुळलेला राहावा आणि सिग्नल नीट ओळखू यावा यासाठी असतात. म्हणून भागाकार दहाने करायचा. ६ गिगाबिटचे ६०० एमबी, ३ चे ३००, दीडचे १५०. बाकीचा जामानिमा वजा जाता प्रत्यक्षात मिळतात साधारण ५५०. साटा एसएसडीच्या खोक्यावर ५५० किंवा ५६० हाच आकडा पुन्हा पुन्हा दिसतो तो त्यामुळे. कंपनी कोणतीही असो, सगळ्या एकाच छताला टेकलेल्या आहेत.

आणि हार्ड डिस्क? तिचा सलग वाचण्याचा वेग १३० एमबी. तो पहिल्या साटाच्या १५० मध्येही मावतो. हार्ड डिस्कच्या लेबलवर "६ गिगाबिट" छापलेलं असतं, ते तिला कोणत्या वाटेवर जोडता येतं हे सांगतं. ती तेवढ्या वेगाने धावते असा त्याचा अर्थ नाही. त्या आकड्यासाठी हार्ड डिस्क बदलण्यात काही हाशील नाही.

फ्लॅश चिपांनी मात्र साटाची वाट लगेच भरून टाकली. शिवाय अडचण रुंदीचीच नव्हती, नियमांचीही होती. साटा ड्राइव्हशी संगणक एएचसीआय नावाच्या पद्धतीने बोलतो. ती हार्ड डिस्क डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली: आज्ञांची एक रांग आणि त्या रांगेत जास्तीत जास्त ३२ आज्ञा. एका वेळी एकाच जागचं वाचणाऱ्या हार्ड डिस्कला ते पुष्कळ होतं. पण एसएसडीत अनेक चिप एकाच वेळी काम करू शकतात आणि प्रोसेसरलाही अनेक गाभे (कोअर) असतात. म्हणून २०११ मध्ये एनव्हीएमईची पहिली आवृत्ती आली. ती फ्लॅशसाठीच रचलेली आहे: सुमारे ६५ हजार रांगा, आणि प्रत्येक रांगेत सुमारे ६५ हजार आज्ञा. यातलं टोक लॅपटॉपवर कोणी गाठत नाही. पण प्रत्येक गाभ्याला स्वतःची रांग मिळते आणि एकेका आज्ञेमागचा सोपस्कार कमी होतो, हा फायदा खरा आहे.

एनव्हीएमई ज्या वाटेवर चालतं ती पीसीआय एक्सप्रेस, ग्राफिक्स कार्ड जोडतात तीच. तिच्यात लेन असतात आणि एसएसडीला सहसा चार लेन मिळतात. तिसऱ्या पिढीत, म्हणजे जेन ३ मध्ये, एका लेनमधून सेकंदाला जवळपास १ जीबी जातो, म्हणजे चार लेनमधून ४ जीबीच्या थोडं आत. खोक्यावर ३५०० एमबी दिसतं. चौथ्या पिढीत हे दुप्पट, म्हणून ७००० च्या पुढचे आकडे. पाचवीत आणखी दुप्पट. पिढ्या एकमेकींशी जुळतात: चौथ्या पिढीचा ड्राइव्ह तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये विनातक्रार चालतो, फक्त वेग तिसरीचा मिळतो.

खालची ओळ वाचा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. ड्राइव्हचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ क्रिस्टलडिस्कमार्क, चालवलं की काही ओळी येतात. सगळ्यात वर सलग वाचनाचा मोठा आकडा. खोक्यावर तोच छापलेला असतो. सगळ्यात खाली असते ४ केबीच्या विखुरलेल्या तुकड्यांची ओळ, एका वेळी एकच मागणी करून मोजलेली. लॅपटॉपवरचं रोजचं काम या खालच्या ओळीच्या जवळचं असतं, कारण प्रोग्राम बहुतेक वेळा एक तुकडा मागतो, तो आल्यावर बघतो आणि मग पुढचा मागतो.

तिथले आकडे डोळे उघडणारे आहेत. हार्ड डिस्क: एक एमबीसुद्धा नाही. साटा एसएसडी: सेकंदाला साधारण ३० ते ४० एमबी. एनव्हीएमई एसएसडी: ५० ते ८० एमबी, उत्तम असेल तर थोडं वर. म्हणजे वरच्या ओळीत साटा आणि चौथ्या पिढीचं एनव्हीएमई यांच्यात बारा पटींचं अंतर, आणि खालच्या ओळीत दुपटीच्या आसपास. कारण इथे वेळ जातो तो चिपचं उत्तर येईपर्यंत, आणि चिप दोन्हीकडे साधारण सारख्याच जातीच्या. वाट रुंद केली म्हणून चिप लवकर उत्तर देत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या एनव्हीएमईत तर रोजच्या कामात फरक ओळखूही येत नाही. ब्राउझर उघडायला, कागदपत्रं लिहायला, प्रोग्रामिंग शिकायला लॅपटॉप वापरणाऱ्याने पिढीच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. तेच पैसे रॅममध्ये किंवा एसएसडीच्या क्षमतेत घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

रुंद वाट कामाला येते ती अवजड सलग कामांत. फोर-के व्हिडिओचं संपादन, मोठमोठ्या व्हर्च्युअल मशीन, दहा-वीस जीबीच्या फाइलींची सततची उचलठेव. तरी तिथेही दुसरं टोक बघा. एनव्हीएमईवरून साटा ड्राइव्हवर कॉपी करत असाल तर साटाचाच वेग मिळणार.

छापलेला वेग टिकतो किती वेळ

लिहिण्याच्या वेगाबद्दल मात्र सावध राहायला हवं. स्वस्त एसएसडींत एका पेशीत, म्हणजे चिपमधल्या माहितीच्या सगळ्यात लहान कप्प्यात, तीन किंवा चार बिट कोंबलेले असतात; तीनचं टीएलसी, चारचं क्यूएलसी. बिट जास्त तसं लिहिणं संथ. हे झाकण्यासाठी ड्राइव्ह काही पेशींमध्ये तात्पुरता एकेकच बिट लिहितो आणि नंतर फुरसतीने ते दाटीवाटीने रचून ठेवतो. तोपर्यंत वेग झकास. पण एकाच दमात भरपूर माहिती ओतली की ही तात्पुरती जागा संपते, आणि काही क्यूएलसी ड्राइव्हांचा लिहिण्याचा वेग हार्ड डिस्कच्या पातळीवर उतरतो, मग इंटरफेस एनव्हीएमई का असेना. ड्राइव्ह जितका भरलेला तितकी ही जागा लहान. म्हणून एसएसडी काठोकाठ भरू नये. थोडी मोकळी ठेवावी.

दुसरं कारण उष्णता. वेगवान एनव्हीएमई पट्टीचा कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार पाहणारी चिप, चांगलाच तापतो, आणि पातळ लॅपटॉपमध्ये तिला वारा मिळत नाही. ठरावीक तापमानापलीकडे ड्राइव्ह स्वतःच वेग कमी करतो. वरच्या पिढीचा ड्राइव्ह अरुंद जागेत बसवला तर त्याचा मोठा आकडा थोडाच वेळ टिकतो, शिवाय बॅटरी जास्त खर्च होते ती वेगळीच.

नव्या, जास्त क्षमतेच्या अडीच इंची हार्ड डिस्कमध्येही अशीच एक खोच आहे. अनेकींमध्ये माहितीचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. बॅकअप ठेवायला या डिस्क चालतात. ऑपरेटिंग सिस्टीमसाठी नकोत.

स्लॉट उघडून बघताना

खरेदीत सगळ्यात महाग पडणारी चूक वेगाची नसते, न जुळणाऱ्या ड्राइव्हची असते. एम.२ पट्टी २२ मिलिमीटर रुंद असते आणि तिच्या नावात लांबी लिहिलेली असते: २२८० म्हणजे ८० मिलिमीटर लांब, २२४२ म्हणजे ४२, २२३० म्हणजे ३०. लॅपटॉपच्या आत स्क्रू बसवायची जागा कितीवर आहे ते आधी मोजा.

मग पट्टीच्या सोनेरी टोकाकडे पाहा. तिथे खाच असते. एकच खाच, ज्याला एम-की म्हणतात, ती चार लेनच्या एनव्हीएमईची नेहमीची खूण. दोन खाचा असतील तर पट्टी बहुधा साटाची. पण निव्वळ खाचेवर विसंबू नका, कारण दोन खाचांची साटा पट्टी एम-कीच्या स्लॉटमध्ये आरामात बसते आणि स्लॉटला साटाची जोडणी नसेल तर लॅपटॉप तिची दखलच घेत नाही. ड्राइव्ह खराब आहे असं समजून लोक परत करायला निघतात. ड्राइव्ह चांगला असतो, फक्त स्लॉट वेगळी भाषा बोलणारा असतो. उलटही होतं: काही लॅपटॉपांचा एम.२ स्लॉट फक्त साटासाठी असतो आणि त्यात एनव्हीएमई चालत नाही. काहींमध्ये दुसऱ्या स्लॉटला दोनच लेन दिलेल्या असतात. आपल्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल उत्पादकाच्या वेबसाइटवर सहसा मिळते. तीत स्लॉटपुढे काय लिहिलं आहे ते वाचल्याशिवाय पट्टी मागवू नका.

एम.२ नसलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी हाच सरळ मार्ग. जाडी बघा, बहुतेक साटा एसएसडी ७ मिलिमीटरच्या असतात आणि साडेनऊच्या जागेत लहानशी चौकट लावून बसतात. लॅपटॉप दुसऱ्या साटाचा, म्हणजे ३०० एमबीच्या मर्यादेचा असला तरी बिचकू नका. सलग वेग निम्मा मिळेल, पण उत्तर येण्याचा वेळ तोच, आणि रोजचा फरक त्यातूनच जाणवतो. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये मात्र ईएमएमसी नावाची मेमरी मदरबोर्डवरच डकवलेली असते. ती साटा एसएसडीपेक्षा मंद असते आणि बदलता येत नाही.

बाहेरून जोडायच्या ड्राइव्हांबद्दल थोडक्यात. यूएसबी २.० वर ३०-४० एमबीच्या वर काही जात नाही. ५ गिगाबिटच्या यूएसबीवर ४०० च्या पुढे, १० गिगाबिटवर साधारण १००० एमबी. बाहेरच्या हार्ड डिस्कला ५ गिगाबिटचं यूएसबी पुरून उरतं. आणि यूएसबी-सी हाही फक्त कनेक्टरचा आकार. त्याच्या मागे २.० चीच जोडणी असू शकते, आणि केबलही तशीच असू शकते.

ड्राइव्ह बसवून झाल्यावर तो कोणत्या वेगाने जोडला गेला हे पाच मिनिटांत तपासता येतं. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडलं की ट्रान्सफर मोडपुढे दोन नोंदी दिसतात: डावीकडे सध्या मिळत असलेला वेग, उजवीकडे ड्राइव्हला झेपणारा. डावीकडे साटा ३०० आणि उजवीकडे साटा ६०० दिसलं तर ड्राइव्हमध्ये दोष नाही. ती जोडणीची मर्यादा आहे. लॅपटॉपमध्ये ६०० ची सोय आहे हे मॅन्युअलमध्ये वाचलेलं असूनही ३०० दिसत असेल, तर ड्राइव्ह काढून पुन्हा नीट बसवा. तो डीव्हीडीच्या जागी चौकटीत लावला असेल तर मुख्य खणात हलवा आणि हार्ड डिस्क डीव्हीडीच्या जागी टाका. काही लॅपटॉपांमध्ये त्या जागेची जोडणी मुळातच कमी वेगाची असते, आणि हार्ड डिस्कला तेवढीही पुरते.